शिकारी रायफलचं बॅरल किती लांब घ्यावं : या चुका टाळा

"रायफल घ्यायचीये, बॅरल (नळी) २० इंची घेऊ, २४ घेऊ का २६?" हा प्रश्न सारखा येतो, आणि काडतूस कुठलं, रान कसलं, जनावर कुठलं, किती अंतरावरून बार काढणार, यातलं काहीच त्यात सांगितलेलं नसतं. उत्तर देणारेही तसेच, एक म्हणतो लांब घे वेग मिळेल, दुसरा म्हणतो आखूड घे झाडीत बरं पडतं, आणि विचारणारा ज्याचं उत्तर आधी आलं ते घेऊन मोकळा होतो. अरे बाबा, आधी रान ठरव, मग अंतर, मग काडतूस, आणि बॅरलची लांबी सगळ्यात शेवटी. उलटीकडून सुरुवात केली की पुढचं सगळं चुकतंच.

पहिली चूक म्हणजे लांब बॅरल म्हणजे अचूक बॅरल हा समज. उघड्या साइट्सनी नेम धरायच्या काळात यात तथ्य होतं, कारण पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात अंतर जास्त असेल तर नेमातली चूक कमी होते. पण वर स्कोप (नेमाची दुर्बीण) बसवला की हा मुद्दा संपला. उलट एकाच जाडीच्या दोन नळ्या घेतल्या तर आखूड नळी जास्त ताठ असते, कारण वाक लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. टोकाला सारखाच भार दिला तर २० इंची नळी २६ इंची नळीच्या निम्म्याहून कमी वाकते. म्हणून आखूड घेतलं की आपोआप गट (एकाच नेमाने झाडलेल्या गोळ्यांचा कागदावरचा पुंजका) घट्ट येतात असंही नाही हं, ते नळीच्या कामावर, काडतुसावर आणि चाप ओढणाऱ्या बोटावर आहे. लांबीने मिळतो तो वेग, आणि तोही लोकांना वाटतो तेवढा नाही.

.३०८ विंचेस्टर काडतुसात नळी एक इंच कमी झाली की साधारण २० ते २५ फूट प्रति सेकंद वेग जातो. म्हणजे २४ वरून २० वर आलात तर शंभराच्या आसपास, आणि १०० यार्डांवर झीरो असेल (म्हणजे त्या अंतरावर गोळी बरोबर नेमावर पडेल असा स्कोप लावलेला असेल) तर २०० यार्डांवर एक इंचाचाही फरक पडत नाही. तेवढ्यासाठी दाट झाडीत चार इंच जास्तीचं लोखंड फांद्यांत अडकवत फिरायचं का? बरं, एकाच लांबीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफलींतही ५० फुटांचा फरक सहज निघतो, त्यामुळे एकेका इंचावरून वाद घालणाऱ्यांना मी उत्तर देणंच सोडलंय. मोठ्या मॅग्नम काडतुसांचं मात्र वेगळं आहे, ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम किंवा .३०० विंचेस्टर मॅग्नममध्ये पुष्कळ दारू (काडतुसातली स्फोटक पूड) एका बारीक नळीतून जाते, तिथे इंचाला ३० ते ४० फूट जातात. ती काडतुसं घ्यायची असतील तर २४ किंवा २६ घ्या. मॅग्नम घेऊन १८ इंचाची नळी लावायची म्हणजे धक्का मॅग्नमचा, आवाज त्याहून वरचा आणि वेग साध्या ३०-०६ काडतुसाच्या जवळपास.

आता जी चूक बघून बघून मला खरंच त्रास होतो ती सांगतो. डब्यावर छापलेला वेग हा आपल्या रायफलचा वेग धरून चालणं. तो वेग बहुतेक वेळा २४ इंची टेस्ट बॅरलमधून घेतलेला असतो, तुमच्या नळीतून नाही. रेंजवर एक ओळखीचे गृहस्थ येतात, माणूस जुना, हात स्थिर. त्यांची ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम, २६ इंची, झाडीत जड जाते म्हणून त्यांनी गनस्मिथकडून कापून २० करून घेतली. कापायचं काम चोख होतं. २०० यार्डांवर झीरो केलं, गट पूर्वीइतकाच घट्ट. मग ५०० यार्डांवर बसले, फोनमधल्या ॲपमध्ये डब्यावरचे २९५० फूट घातलेले, ॲपने सांगितले तेवढे स्कोपचे क्लिक फिरवले आणि सगळ्या गोळ्या मधल्या ठिपक्याच्या अर्धा फूट खाली. एकमेकीला चिकटून, पण खाली. झालं, स्कोपच बिघडला म्हणून स्कोप बदलला, मग माउंट (स्कोप रायफलवर धरून ठेवणारे कंस) बदलले, मग वेगळ्या वजनाच्या गोळ्या आणल्या, तेव्हा तर गणित अजूनच बिघडलं. प्रत्येक वेळी खर्च आणि प्रत्येक वेळी नवा संशय. मी एवढंच विचारलं की वेग मोजलाय का? नव्हता मोजला. जुनीच काडतुसं घेऊन क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजायचं यंत्र) लावला तर २७५० च्या आसपास. दोनशे फूट कुठे गेले याचा शोध ते स्कोपमध्ये घेत होते आणि ते गेले होते कापलेल्या सहा इंचांत. तो आकडा ॲपमध्ये घातला आणि पुढचा गट ठिपक्यावर.

कागदावर अर्धा फूट खाली म्हणजे काही नाही, पण जनावरावर तोच बार छातीऐवजी पुढच्या पायाला लागतो आणि ते जनावर जखमी होऊन रानात निघून जातं. म्हणून याबाबतीत मी अजिबात ऐकून घेत नाही. गोळ्या सगळ्या एकत्र पण खाली पडत असतील तर आधी वेग मोजा. गट विस्कटलेला असेल तर स्कोप, माउंटचे स्क्रू, क्राऊन (नळीच्या तोंडाची कड) बघा. माझी सवय अशी की रायफल नवीन असो नाहीतर नळीत काही बदल केलेला असो, लांबच्या अंतरावर बसायच्या आधी क्रोनोग्राफ मांडायचा, ज्या काडतुसाने शिकार करणार त्याच काडतुसाने, आणि निघालेला आकडा दस्त्याच्या आत चिकटवून ठेवायचा. अजून एक, वेग कमी झाला की गोळी जनावरात शिरून फुलायचं (पसरायचं) अंतरही जवळ येतं. शिशाच्या बऱ्याच गोळ्यांना फुलायला १८०० फुटांच्या आसपास वेग लागतो, पूर्ण तांब्याच्या गोळ्यांना साधारण २०००. नळीत २०० फूट घालवले तर ती हद्द ढोबळमानाने १०० यार्ड अलीकडे आली समजा, आणि त्यापलीकडे बार काढू नका.

आणखी एक चूक, जी फक्त घाईपायी होते, ती म्हणजे घरी हॅकसॉने नळी कापणं. कायदा हा पहिला अडथळा आहे. अमेरिकेत १६ इंचाच्या खालच्या नळीच्या रायफलला वेगळे नियम लागतात, आणि पुष्कळ ठिकाणी परवान्याशिवाय नळी कापणं हाच गुन्हा आहे. कायद्याने चालत असलं तरी हे लेथचं काम आहे. गोळी नळीतून सुटते त्या शेवटच्या क्षणी मागचा गॅस चारी बाजूंनी सारखा सुटला पाहिजे, तोंडाची कड एका बाजूला जरा जरी उतरली तरी गॅस तिथून आधी निसटतो आणि गोळीला कलता धक्का देतो. घासून घासून गुळगुळीत केलेली कड डोळ्यांना चकचकीत दिसते, त्याने काही कळत नाही. रायफल रिकामी आहे हे बघून, बोल्ट काढून, कानातली कापसाची काडी नळीच्या तोंडात घाला आणि कडेवरून बाहेर ओढत सगळीकडे फिरवा. जिथे कापसाचा तंतू अडकला तिथे बर (धातूची खरखरीत धार) आहे, आणि तिथेच तुमचे गट बिघडतायत. कापलेला इंच परत येत नाही, त्यामुळे जरा थांबा, आधी तेवढ्या लांबीची रायफल कोणाकडून तरी वापरून बघा.

लांबी मोजतानाही चुकतात. नळी बंद बोल्टच्या तोंडापासून मोजायची, चेंबर (काडतूस बसतं तो भाग) धरून, नुसता बाहेर दिसणारा भाग नाही, आणि स्क्रूने काढता येणारा मझल ब्रेक (धक्का कमी करायला तोंडावर लावतात तो) त्यात धरायचा नाही.

आखूड नळीला वेगात जळणारी दारू हवी, हे सल्लेही सोडून द्या. लांब नळीत ज्या दारूने सर्वात जास्त वेग मिळतो, बहुतेक वेळा आखूड नळीतही तीच सर्वात पुढे असते. तोंडाशी दिसणारा जाळ म्हणजे न जळलेली दारू वाया जाते असं नाही, गरम गॅस बाहेरच्या हवेला भेटून पेटतो त्याचा तो जाळ. .२२ एलआर (लाँग रायफल) या लहान काडतुसाला तर १६ इंचांतच जवळजवळ सगळा वेग मिळून जातो, पुढची नळी फक्त तोल सांभाळायला.

आवाजाचा विचार कोणीच करत नाही. रायफलचा बार १६० डेसिबलच्या वर जातो आणि १४० वरच कानाला कायमची इजा होऊ शकते. नळी आखूड केली की तो स्फोट कानाच्या जवळ येतो, ब्रेक लावला तर मागे वळतो, आणि मग माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागतो. नवशिक्याला १६ इंची नळी आणि वर ब्रेक देणाऱ्यांचा मला राग येतो, एकदा बाराला बिचकायची सवय लागली की ती मोडायला फार वेळ जातो. त्याच्यासाठी .३०८ किंवा ७ एमएम-०८, २२ इंच, ब्रेक नको, कानावर मफ्स.

सप्रेसर (आवाज कमी करणारी तोंडावरची नळी) लावणार असाल तर मात्र उलटा हिशोब. तो स्वतःच सहा ते नऊ इंचांचा असतो, तेव्हा नळी १८ ते २० ची घ्या. आणि दुकानात नळीचा आकडा ऐकून ठरवू नका, पूर्ण रायफल मोजा. रुगर नंबर वनसारख्या सिंगल शॉटमध्ये (एकावेळी एकच काडतूस घेणाऱ्या रायफलमध्ये) लांब रिसीव्हर (नळीमागचा, बोल्ट सरकतो तो सांगाडा) नसतो, त्यामुळे २६ इंची नळी असूनही ती २२ इंची बोल्ट रायफलएवढीच भरते. मचाणावर बसून वापरणार असाल तर रिकामी रायफल घेऊन तसंच बसून बघा, सप्रेसर लावून, जाड जॅकेट घालून, डावीकडे-उजवीकडे वळवून. दांड्याला किंवा फांदीला टोक लागलं तर दोन इंच कमीची बघा.