स्मरणिकेतलं 'गावाचा इतिहास' हे पान कसं लिहावं

यात्रेची नाहीतर कलशारोहणाची स्मरणिका निघाली की 'गावाचा इतिहास' हे पान बहुधा एका रात्रीत लिहून होतं. थोडी दंतकथा, थोडी बखर आणि शेवटी शिवाजी महाराजांचा मुक्काम. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, तेव्हाच ही रीत मोडीत निघायला हवी होती. बखर मागाहून ऐकून लिहिलेली असते, पत्र त्या दिवसाचं असतं, हा त्यांचा आग्रह. तेव्हा आधी कागद शोधा.

आपला बेळगाव जिल्हा आज कर्नाटकात असला तरी १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्याआधी मराठ्यांचाही अंमल होता. पाटील-कुलकर्ण्यांच्या घरांत मोडी लिपीतले मराठी कागद निघतात ते त्यामुळे. त्यांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, कारण शिक्का अनेकदा पाठीवर असतो. मोडीत शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घही पाळलेलं नसतं. म्हणून आधी मायना (सुरुवातीचा संबोधनाचा मजकूर), तारीख आणि शेवटचं 'जाणिजे' अशा ठरीव जागा वाचा.

सर्वात जास्त चुका तारखेत होतात. 'सलास सबैन मया व अलफ' म्हणजे ३ + ७० + १०० + १०००, शुहूर सन ११७३ (मराठेशाहीच्या कागदांतला, अरबी अंकशब्दांत लिहिलेला सन). हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होतं. म्हणून जून ते डिसेंबरच्या कागदाला ५९९ मिळवा आणि जानेवारी ते मेच्या कागदाला ६००, आलं १७७२-७३. 'छ ४' असं दिसलं तर ते चंद्राचं, म्हणजे हिजरी महिन्याची तारीख. तिथी समजू नका. शकात ७८ मिळवायचे, पण पौष-माघ-फाल्गुनाला बहुधा ७९ लागतात. मूळ शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा आणि हिशेब शेजारी मांडा, म्हणजे चूक दुसऱ्याला पकडता येईल.

आता दगड. इथले जुने शिलालेख बहुतेक हळेगन्नडात, म्हणजे जुन्या कन्नडात आहेत. ते टाळून लिहिलेला इतिहास अर्धाच राहतो, आणि हे सीमावादाच्या दोन्ही बाजूंना सांगावं लागतं. जिल्ह्यातली हलशी म्हणजे कदंब राजांची पलाशिका. तिथले ताम्रपट संस्कृत. गावातल्या कन्नडच्या मास्तरांना सोबत घ्या. अक्षरं दिसावीत म्हणून त्यांत चुना किंवा ऑइलपेंट भरतात. एकदा रंग बसला की झिजलेली रेघ कोणती आणि रंगवणाऱ्याने काढलेली कोणती, ते कळत नाही. साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने पुसा. अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून तिरपा धरा आणि फोटो काढा. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड, खालून वर वाचतात: खाली लढाई, मध्ये स्वर्गारोहण, वर शिवलिंगाची पूजा.

कागद-दगडांत राजे आणि वतनदार सापडतात, कुळं-मजूर क्वचितच, बायका त्याहून कमी. इतिहासकार दा. ध. कोसंबींनी वेशीबाहेरच्या देवींची ठाणी आणि जुन्या वाटा पायी फिरून पाहिल्या. १९८२ पासून सबाल्टर्न (तळातल्या माणसांचा इतिहास लिहिणाऱ्या) अभ्यासकांच्या गटाने सरकारी कागद उलट्या बाजूने, म्हणजे लिहिणाऱ्याच्या नव्हे तर दबलेल्यांच्या नजरेने वाचायला शिकवलं. तुम्हीही शेताची नावं विचारा, जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करा. दुष्काळाचं साल विचारू नका, 'तेव्हा थोरला किती वर्षांचा होता?' असं विचारा. बोलणाऱ्याचं नाव, वय आणि तारीख रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच बोलून घ्या. नाहीतर सहा महिन्यांनी फाइलवर नुसतं 'आजी २' उरतं.