उंचावरच्या घरात बिअरच्या नळाला फेसच येतोय? दाब कमी करू नका

अमेरिकेत कोलोरॅडोतल्या डेन्व्हरमध्ये किंवा त्याहून वर, ब्रेकनरिज-लेडव्हिलच्या बाजूला, घरच्या केगरेटरमधून (केग, म्हणजे बिअरचं पिंप, थंड ठेवणाऱ्या नळवाल्या फ्रिजमधून) ग्लासभर फेस यायला लागला की हात आधी गॅसचा दाब कमी-जास्त करणाऱ्या रेग्युलेटरकडे जातो. दाब उतरवला की फेस उतरेल, असं वाटतं. एक-दोन ग्लास बरे येतातही. मग बिअरमधला वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, नळीतच सुटू लागतो, फेस पुन्हा वाढतो आणि काही दिवसांत केगमधली सगळी बिअर मिळमिळीत होते. उंचीवरचा खरा उपाय याच्या उलट आहे: दाब थोडा वाढवायचा आणि नळी लांब करायची.

समुद्रसपाटीवर हवेचा दाब सुमारे १४.७ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) असतो. डेन्व्हरच्या ५,२८० फुटांवर तो १२ च्या थोडा वर असतो, १०,००० फुटांवर १० च्या आसपास. रेग्युलेटरचा काटा फक्त बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेला दाब दाखवतो. बिअरमध्ये वायू किती टिकेल हे मात्र एकूण दाबावर ठरतं. त्यामुळे काटा दोन्हीकडे १२ वरच असला, तरी समुद्रकाठच्या सॅन डिएगोतल्या केगमधल्यापेक्षा डेन्व्हरच्या केगमधला दाब अडीच पीएसआयने कमी भरतो.

तरीही रेग्युलेटरला हात लावण्याआधी तापमान बघा. घरच्या फेसाचं सगळ्यात नेहमीचं कारण तेच आहे, मग गाव कितीही उंचावर असो. केगरेटरच्या पॅनेलवरचा आकडा आतल्या हवेचा असतो, बिअरचा नाही. आत पाण्याचा ग्लास रात्रभर ठेवा आणि सकाळी त्यात थर्मामीटर बुडवा. ३८ फॅरेनहाइट, म्हणजे साधारण ३.३ सेल्सिअस, हवं. नवा केग गाडीतून घाटरस्त्याने हिंदकळत आला असेल तर किमान २४ तास थंडीत स्वस्थ राहू द्या.

पहिलाच ग्लास फेसाळतो आणि पुढचे नीट येतात? मग दोष टॉवरचा, म्हणजे नळ ज्यावर बसवलेला असतो त्या वरच्या खांबाचा. तो उबदार राहतो आणि त्यातल्या नळीत थांबलेली बिअर तापते. आतली थंड हवा वर ढकलणारा छोटा पंखा बसवला की बहुतेक वेळा काम होतं.

प्रत्येक ग्लासात फेस येत असेल तर आता दाबाकडे वळा. कार्बोनेशनच्या, म्हणजे बिअरमध्ये वायू मुरवण्यासाठी किती दाब लागतो याच्या, तक्त्यांतले आकडे सहसा समुद्रसपाटीचे असतात. दर २,००० फुटांमागे त्यात साधारण १ पीएसआय मिळवा. ३८ फॅरेनहाइटला नेहमीच्या पेल एल प्रकारच्या बिअरसाठी ११ ते १२ लागत असेल, तर डेन्व्हरला १४ च्या आसपास ठेवा आणि १०,००० फुटांवर १६ ते १७. काटा फिरवल्यावर लगेच निकाल काढू नका. केग स्थिरावायला काही दिवस लागतात. आधीच कुणी वायू जास्त भरून ठेवला असेल तर गॅसची जोडणी काढा आणि झाकणावरचा व्हॉल्व्ह दिवसभरात अधूनमधून ओढून जादा वायू सोडून द्या.

दाब वाढवला आणि नळी तीच ठेवली, तर बिअर धारेऐवजी उसळीने येईल. म्हणून मला नळी या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. तयार केगरेटरबरोबर बऱ्याचदा जेमतेम ५ फुटांची नळी येते आणि उंचीवर ती तोकडीच पडते. आतून ३/१६ इंच व्यासाची नळी फुटामागे ३ पीएसआय अडवते असं कागदावर लिहिलेलं असतं, पण घरी प्रत्यक्षात २ किंवा त्याहूनही कमी धरलेलं बरं. डेन्व्हरला १० ते १२ फुटांपासून सुरुवात करा. आणखी उंचावर असाल तर एक-दोन फूट वाढवा. नळीचं वेटोळं थंड भागातच ठेवा. पाइंटचा ग्लास भरायला ८ ते १० सेकंद लागले की जमलं. धार फारच संथ वाटली तर अर्धा-अर्धा फूट कापत जा. कापलेली नळी परत जोडता येत नाही, म्हणून घाई नको.

नळ नेहमी पूर्ण उघडा. अर्धवट उघडला की फेस होणारच. ग्लास स्वच्छ, साबणाचा अंश नसलेला आणि आधी तिरका धरलेला हवा. फ्रीझरमध्ये गोठवलेला ग्लास मात्र टाळा, त्यावरच्या बर्फामुळे वायू सुटतो. नळी आणि नळ दर दोन आठवड्यांनी बिअर लाइन क्लीनरने धुवा, हातमोजे आणि चष्मा घालून, कारण ते द्रावण त्वचा भाजतं. नंतर साध्या पाण्याने भरपूर खळबळून घ्या.

दाब वाढवला की सांध्यांतली बारीक गळतीही वाढते. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा आणि गळणारा वॉशर किंवा ओ-रिंग बदला. केगरेटर बेसमेंटमध्ये असेल तर हे आजच करा: कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, बंद खोलीत खाली साचतो आणि जीवावर बेतू शकतो. सिलिंडर उभा आणि बांधलेला ठेवा आणि खोलीत हवा खेळती राहील असं बघा.