सरळ केसांतले कर्ल तासाभरात सुटायचे, त्यावरचा उपाय

माझे केस जाड, अगदी सरळ. कर्लिंग रॉडने केलेले कर्ल हॉलवर पोचेपर्यंत सुटायचे. तापमान २१० अंशांवर नेलं, स्प्रे दुप्पट मारला. टोकं तेवढी करपली. अक्षरशः रडू यायचं.

चूक गार करण्यात होती. केसांचा आकार धरून ठेवणारे आतले सूक्ष्म दुवे, म्हणजे हायड्रोजन बंध, उष्णतेने सुटतात आणि गार होताना नव्या आकारात जुळतात. मी बट गरम असतानाच मोकळी सोडत होते.

आता केस पूर्ण कोरडे करून हीट प्रोटेक्टंट (उष्णतेपासून केस जपणारं उत्पादन) लावते. रॉड १८० अंशांवर, बोटभर रुंद बट, ८ ते १० सेकंद. रॉड काढताच गुंडाळी तळहातावर झेलून तशीच चिमट्याने डोक्याला लावते. सगळ्या बटा झाल्यावर २० मिनिटं हात लावत नाही. मग फक्त बोटांनी मोकळे करते, कंगवा नाहीच. परवाच्या लग्नात रात्रीपर्यंत टिकले.