नाथसागरावर पक्षी बघायला जाताय? या चुका टाळा

डिसेंबर उजाडला की नाथसागराकडे, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाकडे, जाणाऱ्या पैठणच्या रस्त्यावर दुर्बिणी गळ्यात अडकवलेली मंडळी दिसू लागतात. आनंद वाटतो. पण दर हिवाळ्यात त्याच चुका बघून आता वैताग येतो, कारण त्या चुका आपण करतो आणि भोगतात पक्षी.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे पक्ष्यांच्या दिशेनं चालत सुटणं. मागच्या हिवाळ्यात शाळेची पोरं घेऊन जलाशयाकाठच्या सोनेवाडीकडे गेलो होतो. पट्टकदंब हंसांचा मोठा थवा काठावर विसावला होता. हे हंस रात्री आणि पहाटे शेतात चरतात आणि दिवसा पाण्याकाठी आराम करतात. पोरं स्कोपपुढं, म्हणजे तिवईवरच्या मोठ्या दुर्बिणीपुढं, रांगेत उभी होती, तेवढ्यात एक तरुण गाडीतून उतरला. हातात नवी कोरी मोठी लेन्स. थेट गाळपेऱ्यातल्या, म्हणजे पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पेरलेल्या, हरभऱ्यातून निघाला. "दादा, इथंच बसा," मी म्हटलं. "दोनच मिनिटं, सर," म्हणत तो पुढं गेलाच. बांधावरून शेतकरी ओरडला, "ओ साहेब, हरबरा हाय तिथं, पाय कुठं देता?" हंसांच्या माना ताठ झाल्या, थवा एका अंगाला गोळा झाला आणि बघता बघता सगळा उडाला. त्यांच्यामागं चक्रवाक गेले, तलवार बदकं गेली. रांगेतल्या निम्म्या पोरांनी स्कोपला डोळासुद्धा लावला नव्हता. तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून आलेल्या पक्ष्याला एका फोटोपायी उठवायचं, याला मी पक्षीनिरीक्षण म्हणत नाही.

पक्षी आधी इशारा देतात. चरणं थांबतं, माना वर होतात, मग ते जवळजवळ सरकतात किंवा पाण्याकडे चालू लागतात. मान वर झाली की आपण जागीच थांबायचं आणि परत चरायला लागेपर्यंत हलायचं नाही. मी तर उजाडायच्या आत बाभळीच्या आडोशाला जाऊन बसतो आणि बराच वेळ उठतच नाही. शेकाटे आणि तुतवार हे काठच्या चिखलात चरणारे पक्षी चरत चरत आपणहून जवळ येतात. ज्यांना तासभर बसवत नाही, त्यांनी खुशाल पैठणला जाऊन नाथांचं दर्शन घ्यावं. पाणवठ्यावर घाईचं काम नाही.

दुसरी चूक म्हणजे मागच्या वर्षीच्या जागेवर विसंबणं. मोबाइलमध्ये खूण केलेली असते, माणूस तिथं पोचतो आणि समोर नुसतं खोल पाणी. मग "जायकवाडीत आता पक्षीच राहिले नाहीत" असं सांगत परत जातो. जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झालं, जलाशय १९८६ साली पक्षी अभयारण्य झाला. गोदावरीवरचा हा जलाशय पसरट आणि उथळ आहे, त्यामुळं पाणी थोडं उतरलं तरी काठ लांब सरकतो. धरण तुडुंब भरलेल्या वर्षी चिखलाची किनार पाण्याखालीच राहते. मग चिखलात चोच खुपसून खाणाऱ्यांनी उतरायचं कुठं? रब्बीची आवर्तनं सुटली, म्हणजे पिकांसाठी धरणातून पाणी सोडलं, गाळ उघडा पडला, की तुतवार येतात, फ्लेमिंगोंनाही उभं राहण्याजोगं उथळ पाणी मिळतं. म्हणून निघण्याआधी धरणाची टक्केवारी बघा आणि पोचल्यावर मासेमारी करणाऱ्यांना विचारा. ते रोज पहाटे पाण्यावर असतात. तुमच्या ॲपपेक्षा त्यांचा शब्द मी आधी मानतो.

सकाळी पश्चिम काठावर उभं राहू नका. सूर्य समोर येतो आणि प्रत्येक बदक काळं दिसतं. दहा-अकरानंतर हिवाळ्यातही चिखलावरची हवा थरथरते, स्कोपमधलं चित्र हलतं. लांबचे पक्षी त्याआधीच बघून घ्या.

पुस्तकातल्या नराचं चित्र घेऊन नोव्हेंबरात बदकं ओळखू नका. तेव्हा बऱ्याच नरांचा विणीचा पिसारा पुरता आलेला नसतो, ते मादीसारखेच दिसतात. चोचीचा आकार बघा. थापट्या बदकाची फावड्यासारखी चोच कुठल्याही पिसाऱ्यात लपत नाही. आणि काळ्या अंगाचा, पांढऱ्या कपाळाचा चांदवा हा बदक नाही, तो पाणकोंबडीच्या कुळातला.

मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवू नका. ड्रोन तर आणूच नका.

भेगाळलेल्या गाळावर गाडी घालू नका. वर कोरडं दिसतं, आत लोण्यासारखा चिखल असतो. मग गावातून ट्रॅक्टर बोलवावा लागतो आणि त्या गोंधळात सगळा काठ रिकामा होतो.

नोंदी घरी जाऊन लिहू म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. जागेवरच लिहा: वेळ, पक्षी, अंदाजे संख्या, ते काय करत होते आणि त्या दिवशी धरणात पाणी किती टक्के होतं.