पॅकहाऊसचे नियम साध्या मराठीत लिहा आणि तेच संगणकावर चालवा

द्राक्षाचा हंगाम लागला की दिंडोरी-निफाडच्या पॅकहाऊसवर दिवसभर एकच प्रश्न फिरतो: हा माल निर्यातीला, की लोकलला? उत्तर सुपरवायझरच्या डोक्यात असतं. प्रोग्रामर ते कोडमध्ये उतरवतो, पण उतरलं ते बरोबर की चूक हे सुपरवायझरला वाचून कळत नाही. म्हणून नियम दोघांनाही वाचता येईल अशा वाक्यांतच लिहायचा.

सुपरवायझर, खरेदी बघणारा आणि प्रोग्रामर, तिघांनी एकत्र बसा. नियम तोंडी सांगायला लावा, जसाच्या तसा उतरवा: 'गोडी चांगली, मणी मोठा, तर निर्यात.' आता एकेक शब्द धरा. चांगली म्हणजे किती ब्रिक्स (रसातली साखर मोजायचं एकक)? रस कुठल्या मण्यांचा, घडाच्या खांद्याचा की शेंड्याचा? शेंड्याला गोडी सहसा कमी भरते. १६ मिलिमीटर म्हणजे १६ धरून की सोडून? घाई करू नका, सगळे वाद इथेच दडलेले असतात.

मग काठावरची, म्हणजे अगदी मर्यादेवर बसणारी, उदाहरणं लिहा. अशी उदाहरणं वाचून प्रोग्राम तपासणारं 'ककंबर' हे मोफत साधन मराठी शब्द ओळखतं. फाइलच्या पहिल्या ओळीत भाषा मराठी असल्याची खूण करा, त्याखाली 'वैशिष्ट्य:' लिहून विषयाचं नाव द्या आणि मग लिहा (आकडे नमुन्याचे आहेत, खरे करारातून घ्या):

परिदृश्य: काठावरचा क्रेट
जर गोडी १६ ब्रिक्स आहे
आणि सर्वांत लहान मणी १६ मिलिमीटर आहे
जेव्हा प्रतवारी होते
मग प्रत निर्यात असावी

प्रत्येक वाक्य कोडला जोडायचं काम प्रोग्रामरचं, तेही एकदाच. पुढे तेच वाक्य, नवे आकडे. पण लक्षात ठेवा, ककंबर फक्त तपासणी करतं, निर्णय घेत नाही. निर्णयही वाचता येईल असा हवा असेल तर तो तक्त्यात मांडा: एका ओळीत एक नियम, आधी अटी, शेवटी प्रत. यासाठी डीएमएन (डिसिजन मॉडेल अँड नोटेशन) हे निर्णय मांडायचं मानक २०१५ पासून आहे आणि त्यातले तक्ते थेट चालवणारी इंजिनं मिळतात. एका क्रेटला एकच ओळ लागू व्हायला हवी. गोडी भरली पण रेसिड्यू रिपोर्ट (औषध फवारणीच्या उरलेल्या अंशाची तपासणी) नापास, अशा क्रेटला दोन ओळी लागत असतील तर रेसिड्यूची अट प्रत्येक निर्यातीच्या ओळीत घाला.

खरेदीदाराने अट बदलली की आधी उदाहरण बदला आणि चालवून बघा. ते नापास झालं पाहिजे, कारण तक्ता अजून जुनाच आहे. त्यानंतरच तक्त्याला हात लावा.