दारं हाताने मोजू नका

आर्किटेक्टच्या ऑफिसात नव्याने रुजू झालेल्यांच्या वाट्याला हमखास येणारं काम म्हणजे दार-खिडक्यांचा तक्ता, म्हणजे इमारतीतल्या प्रत्येक दार-खिडकीचा क्रमांक, माप आणि संख्या यांची यादी. बहुतेकांना ते कारकुनी वाटतं. मला विचाराल तर अख्खा प्रकल्प इतक्या लवकर डोळ्यांखालून घालणारं दुसरं काम नाही.

ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यातच सांगते. तिथे टेबलची सोय २००५च्या आवृत्तीत आली आणि २००८च्या आवृत्तीपासून एक्सेलची शीट डेटा लिंकने जोडता येते. पण नुसत्या रेषांनी काढलेल्या दारातून काहीच मोजता येत नाही. दाराचा ब्लॉक, म्हणजे पुन्हा पुन्हा वापरता येणारी एकसंध आकृती, करा, त्याला क्रमांक, रुंदी, उंची अशी अ‍ॅट्रिब्यूट्स, म्हणजे सोबत जोडलेली माहिती, द्या. मग डेटा एक्स्ट्रॅक्शन ही कमांड तक्ता काढून देते. ड्रॉइंग बदलल्यावर तो अपडेट करायचं लक्षात ठेवणं आपल्याकडे.

रेव्हिट या इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं शेड्यूल, म्हणजे तिथला तक्ता, हे प्रकरण वेगळं आहे. प्लॅन किंवा सेक्शनसारखाच तोही मॉडेलचा एक व्ह्यू. तक्त्यात रुंदी ९०० मिमीची १००० केली की प्लॅनमधलं दार रुंद होतं. रुंदी बहुधा टाइप पॅरामीटर असते, म्हणजे एका टाइपच्या सगळ्या दारांना मिळून एकच नोंद, त्यामुळे त्या टाइपची सगळीच दारं रुंद होतात. सॉफ्टवेअर तशी सूचना देतं, पण घाईत ती वाचतो कोण! तक्त्यातली ओळ डिलीट केलीत तर मॉडेलमधलं दारच जातं. ओळ फक्त दिसायला नको असेल तर फिल्टर लावा.

शीटवर लावायच्या शेड्यूलखेरीज मी तपासणीसाठी एक वेगळं शेड्यूल ठेवते. त्यात मार्क (दाराचा क्रमांक), टाइप, रुंदी, उंची, लेव्हल (मजला), फ्रॉम रूम आणि टू रूम (दार कुठल्या खोलीतून कुठल्या खोलीत उघडतं) एवढे कॉलम, आणि प्रत्येक दाराला वेगळी ओळ देणारं 'आयटमाइज एव्हरी इन्स्टन्स' चालू. आधी मार्कवर सॉर्ट करा: रिकामे आणि दोनदा आलेले क्रमांक लगेच दिसतात. मग टू रूमवर सॉर्ट करा. टॉयलेटचं दार ९०० आणि बेडरूमचं ७५० अशी अदलाबदल १:१००च्या प्लॅनमध्ये नजरेतून सुटते, तक्त्यात दोन ओळी शेजारी आल्या की खटकते. खोलीचं नावच आलं नसेल तर तिथे रूम ठेवलेली नाही किंवा भिंती नीट मिळत नाहीत, असं धरून आधी तेच तपासा. फ्रॉम आणि टू मात्र दार कसं बसवलंय त्यावर ठरतात, तेव्हा त्यांवर डोळे झाकून विसंबू नका. खोल्यांच्या शेड्यूलमध्येही क्षेत्रफळाच्या जागी 'नॉट एन्क्लोज्ड' (खोली भिंतींनी बंद नाही) किंवा 'रिडंडंट रूम' (एकाच जागेत दोन रूम) दिसलं, की एकूण क्षेत्रफळाचा आकडा कुणाला कळवू नका.

हे झाल्यावरच आयटमाइज बंद करून टाइपनुसार संख्या काढा.

नवख्यांची खरी दमछाक पॅरामीटरपाशी, म्हणजे दाराला जोडलेल्या माहितीच्या रकान्यापाशी, होते. फॅमिलीत, म्हणजे दाराच्या मूळ नमुन्याच्या फाइलीत, हार्डवेअर सेट (बिजागऱ्या, कुलपं वगैरेंचा संच) नावाचा साधा पॅरामीटर केला तर तो शेड्यूलच्या यादीत सापडतच नाही. तोच प्रकल्पाच्या फाइलीत प्रोजेक्ट पॅरामीटर म्हणून केला तर शेड्यूलमध्ये येतो, पण प्लॅनवर दाराशेजारी लागणाऱ्या टॅगमध्ये, म्हणजे लेबलमध्ये, नाही. दोन्हीकडे हवा असेल तर वेगळ्या सामायिक फाइलीत ठेवलेला शेअर्ड पॅरामीटरच लागतो. त्याची ओळख नावावरून नसते, आत दडलेल्या एका सांकेतिक क्रमांकावरून असते. म्हणून दोघांनी आपापल्या फाइलीत एकाच नावाचे पॅरामीटर केले तर रेव्हिटला ते दोन वेगळेच वाटतात आणि अर्धा कॉलम रिकामा दिसतो. ऑफिसची एकच शेअर्ड पॅरामीटर फाइल कुठे आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. आणि आकड्यांसाठी टेक्स्ट प्रकारचा पॅरामीटर घेऊ नका, त्याची बेरीज होत नाही.

तक्ता एक्सेलमध्ये न्यायचा तर रेव्हिट टेक्स्ट फाइल काढून देतं. परतीची वाट मात्र आपोआप नाही. कन्सल्टंटने एक्सेलमध्ये सुधारलेला तक्ता पाठवला, तर ते बदल आधी मॉडेलमध्ये करा आणि तक्ता नव्याने काढून त्यांच्या तक्त्याशी ओळीगणिक ताडून बघा.