एबीएसमधील विद्युत दोष शोधण्यापूर्वीची तयारी

डॅशबोर्डवरचा एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पिवळा दिवा पेटून राहिला की बहुतेकांचा हात आधी चाकाच्या सेन्सरकडे जातो, कारण गाडीतले दोषांचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरच्या पडद्यावर सेन्सरचेच नाव आलेले असते. नवा सेन्सर बसतो, चार दिवस बरे जातात आणि दिवा पुन्हा पेटतो. हा फेरा टाळायचा असेल तर कामाला बसण्यापूर्वीच मनाशी पक्के करावे की कोड सर्किटचे नाव सांगतो, बिघडलेल्या भागाचे नाव सांगत नाही. सी००३५ हा कोड डाव्या बाजूच्या पुढच्या चाकाच्या वेग-सेन्सरचा मानला जातो. परंतु त्या सर्किटमध्ये सेन्सर, त्याच्या दोन तारा, वाटेतले कनेक्टर, कंट्रोल युनिटमधल्या (एबीएस चालवणाऱ्या संगणकातल्या) पिना आणि सेन्सरसमोर फिरणारी दातेरी किंवा चुंबकीय रिंग, इतके सगळे येते. खाली सांगितलेली तयारी यांपैकी नेमका दोषी भाग शोधण्यासाठी आहे, आणि तिच्यात वेळ गेला तरी तो वाया जात नाही असे मी अनुभवाने सांगतो.

सर्वांत आधी गाडी चालवण्याजोगी आहे की नाही ते ठरवावे. फक्त एबीएसचा दिवा पेटला असेल तर साधे ब्रेक चालतात; जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होण्याची शक्यता मात्र राहते. त्याच्या जोडीला ब्रेकचा लाल दिवाही पेटला असेल तर गाडी रस्त्यावर नेऊ नये, कारण ब्रेक ऑइल कमी झालेले असू शकते किंवा पुढच्या व मागच्या चाकांमध्ये ब्रेकचा जोर वाटून देणारी व्यवस्थाही बंद पडलेली असू शकते. गाडी उचलायची असेल तर जागा सपाट व कठीण असावी, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत आणि गाडीचे वजन जॅकवर न ठेवता स्टँडवर घ्यावे. काही जुन्या प्रणालींमध्ये ब्रेकचा दाब साठवून ठेवलेला असतो. अशा गाडीत पुस्तिकेप्रमाणे तो दाब सोडल्याखेरीज एकही नळी सैल करू नये. हायब्रिड किंवा विजेवरच्या गाडीतील नारिंगी वेष्टनाच्या केबलला आणि एअरबॅगच्या पिवळ्या वायरिंगला या कामात हात लावण्याचे कारण नाही.

त्यानंतर गाडी चालवणाऱ्याशी बोलावे आणि त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत वहीत उतरवावे. दिवा चावी फिरवल्याबरोबर पेटतो, की थोडे अंतर गेल्यावर? पावसात किंवा गाडी धुतल्यावर पेटतो का? वळण घेताना, खड्ड्यातून जाताना पेटतो का? अलीकडे चाकाचे बेअरिंग, टायर, शॉकअॅब्सॉर्बर किंवा बॅटरी बदलली होती का? चावी फिरवताच पेटून राहणारा दिवा बहुधा तुटलेले सर्किट, फ्यूज किंवा कंट्रोल युनिटच्या पुरवठ्याकडे बोट दाखवतो, तर गाडी चालू लागल्यावर पेटणारा दिवा सेन्सरच्या कमकुवत किंवा खंडित सिग्नलकडे. बेअरिंग बदलल्यानंतर लगेच दोष सुरू झाला असेल तर मल्टिमीटर काढण्यापूर्वीच शोधाची दिशा ठरते.

त्या मॉडेलचे आणि त्या वर्षाचे वायरिंग डायग्राम हाताशी असल्याशिवाय कनेक्टर उघडू नये. डायग्रामवर एबीएसचे सगळे फ्यूज, पंपाच्या मोटरचा पुरवठा, व्हॉल्व्हचा पुरवठा, अर्थिंगचा बोल्ट बॉडीवर जिथे आहे ती जागा, प्रत्येक सेन्सरच्या तारांचे रंग आणि कंट्रोल युनिटच्या कनेक्टरमधले पिन क्रमांक आधीच खुणा करून ठेवावेत. पानाचा फोटो पुरेसा नाही. छापील कागदावर पेन्सिलीने मोजमापे लिहिता आली पाहिजेत. अपेक्षित आकडा आधी आणि मोजलेला आकडा त्याच्या शेजारी लिहिण्याची सवय लावावी, कारण मोजल्यानंतर अपेक्षा ठरवली तर कोणताही आकडा बरोबर वाटू लागतो.

बॅटरीची तपासणी क्षुल्लक वाटली तरी ती वगळू नये. पूर्ण चार्ज असलेली १२ व्होल्टची बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, आणि इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत तो आकडा १३.५ ते १४.५ च्या दरम्यान येतो. कमी व्होल्टेजमुळे कंट्रोल युनिट एकदम अनेक कोड नोंदवते आणि त्यातले बरेचसे दिशाभूल करणारे असतात. बॅटरी अशक्त असेल तर आधी चार्ज करावी, आणि चावी चालू ठेवून दीर्घकाळ तपासणी करायची असेल तर चार्जर जोडलेला ठेवावा.

स्कॅनर कोणता आहे हेही आधी पाहावे. फक्त इंजिनचे कोड वाचणारे साधे यंत्र एबीएसच्या कंट्रोल युनिटपर्यंत पोहोचतच नाही, आणि ‘कोड नाही’ असे उत्तर पाहून माणूस फसतो. चारही चाकांचे वेग एकाच वेळी आलेखात दाखवणारा, ब्रेकच्या स्विचची स्थिती दाखवणारा आणि पंपाची मोटर स्कॅनरवरूनच चालवून पाहू देणारा स्कॅनर असावा. कोड पुसण्यापूर्वी ते सगळे, त्यांच्यासोबत नोंदलेल्या वेग व व्होल्टेजच्या माहितीसह, लिहून घ्यावेत. पुसलेली माहिती परत मिळत नाही. आलेख पाहायचा असेल तर गाडी दुसऱ्याने चालवावी आणि एकाने फक्त पडदा पाहावा. रहदारी नसलेल्या जागी सावकाश थांबत जाताना तीन चाकांच्या रेषा एकत्र खाली येतात आणि चौथी मध्येच शून्यावर कोसळते, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की अर्धे काम झाले.

आता सेन्सरचा प्रकार, कारण पुढची सगळी मोजमापे त्यावर अवलंबून आहेत. जुन्या प्रकारचा सेन्सर म्हणजे चुंबकाभोवतीची तारेची गुंडाळी असते. तिचा रोध बहुधा ८०० ते २,५०० ओहमच्या दरम्यान असतो, परंतु निव्वळ आकड्यापेक्षा त्याच अॅक्सलवरच्या दुसऱ्या बाजूच्या सेन्सरशी केलेली तुलना अधिक बोलकी ठरते. चाक उचलून हाताने सेकंदाला साधारण एक फेरा या गतीने फिरवले की मल्टिमीटरवर एसी व्होल्टेज दिसले पाहिजे, आणि वेग वाढवला की ते वाढले पाहिजे. नव्या प्रकारच्या सेन्सरमध्ये इलेक्ट्रॉनिक चिप असते आणि त्याला कंट्रोल युनिटकडून पुरवठा लागतो. त्याचा रोध ओहममध्ये मोजू नये, कारण त्या आकड्याला अर्थ नसतो आणि मीटरच्या व्होल्टेजने सेन्सरला इजाही पोहोचू शकते. तेथे चावी चालू करून कनेक्टरच्या वायरिंगकडील बाजूला पुरवठा येतो का ते आधी पाहावे. दोन तारांच्या अशा सेन्सरचा प्रवाह चाक फिरताना साधारण ७ आणि १४ मिलिअँपियर या दोन पातळ्यांमध्ये आलटून पालटून बदलतो, म्हणून शक्य असल्यास ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारे यंत्र) जवळ ठेवावा. साधा मल्टिमीटर हा बदल फक्त चाक अगदी हळू फिरवल्यासच दाखवतो.

रिंगचा तपासही विद्युत तपासणीचाच भाग समजावा. दातेरी रिंगला तडा गेलेला असेल, किंवा तिच्याखाली गंज फुगून सेन्सर आणि रिंग यांच्यातले अंतर बदलले असेल, तर सेन्सर पूर्ण निर्दोष असूनही सिग्नल बिघडतो. कोरड्या रस्त्यावर थांबण्याच्या बेतात असताना पेडल थरथरते ते बऱ्याचदा याच कारणाने. ज्या बेअरिंगच्या सीलमध्येच चुंबकीय रिंग असते ते बेअरिंग उलटे बसवले तर सिग्नल येतच नाही, आणि दोन्ही बाजू डोळ्यांना जवळजवळ सारख्याच दिसतात. त्यासाठी चुंबकाचे पट्टे दाखवणारे छोटे कार्ड अवजारांच्या पेटीत ठेवावे. अशी रिंग लोखंडाच्या कीसाजवळ किंवा दुसऱ्या चुंबकाजवळ ठेवू नये.

वायरिंगकडे मी सर्वांत जास्त वेळ देण्याचा आग्रह धरतो. पुढच्या चाकाची तार स्टेअरिंगसोबत प्रत्येक वळणावर वाकते आणि सस्पेन्शनसोबत वरखाली होते. एका गाडीत उजव्या पुढच्या सेन्सरचा रोध कनेक्टरपाशी ११०० ओहम येत होता, दुसऱ्या बाजूच्या सेन्सरइतकाच, आणि तेवढ्यावर तो सेन्सर निर्दोष म्हणून सोडून दिला गेला असता. मीटर जोडलेलाच ठेवून स्टेअरिंग डावीकडे टोकापर्यंत फिरवले तेव्हा आकडा नाहीसा झाला आणि सरळ करताच परत आला. शॉकअॅब्सॉर्बरवरच्या क्लिपपासून बोटभर अंतरावर तारेचे वेष्टन बाहेरून धड होते, पण दोन बोटांत धरून वाकवल्यावर ती एका जागी गवतासारखी मऊ लागली. वेष्टन चिरून पाहिले तर आत तांब्याच्या जागी हिरवट भुकटी होती. म्हणून तपासणीत तार हलवून, वाकवून, हलकेच ओढून पाहण्याची जागा ठेवावी आणि त्या वेळी एकाने सतत मीटरकडे पाहावे. कनेक्टरमध्ये पाणी, हिरवा थर, मागे सरकलेली पिन किंवा सैल झालेला सॉकेट आहे का ते भिंगातून पाहावे. मोजण्यासाठी तारेचे वेष्टन टोचू नये, कारण त्याच छिद्रातून पुढे ओल शिरते. कनेक्टरच्या मागून शिरणाऱ्या बारीक प्रोब वापराव्यात.

पंपाच्या मोटरचे सर्किट वेगळ्या नजरेने पाहावे लागते, कारण ती मोठा प्रवाह घेते आणि तिचा फ्यूज अनेक गाड्यांत ३० किंवा ४० अँपियरचा असतो. शेकडो बारीक तारांपैकी एकच शिल्लक असली तरी ओहममीटर सर्किट अखंड असल्याचे सांगतो. फक्त ०.१ ओहमचा जादा रोध २० अँपियरच्या प्रवाहात २ व्होल्ट खातो, आणि इतका लहान रोध साध्या मीटरवर धड दिसतही नाही. म्हणून येथे भार देऊन व्होल्टेजची घट मोजावी: मोटर चालू असताना अर्थिंगच्या बाजूला ०.१ व्होल्टच्या आसपासच घट असावी. मोटर चालत नसेल तर ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब पुरवठा आणि अर्थिंग यांच्यामध्ये जोडून तो पूर्ण तेजाने पेटतो का ते पाहावे. हा बल्ब सेन्सरच्या तारांना कधीही लावू नये.

स्कॅनर एबीएसच्या कंट्रोल युनिटशी बोलतच नसेल आणि गाडीतल्या दुसऱ्या एखाद्या युनिटमध्ये यू०१२१ (एबीएसच्या युनिटशी संपर्क तुटल्याचा) हा कोड असेल, तर आधी एबीएसच्या युनिटचा पुरवठा व अर्थिंग पाहावे. मग चावी बंद करून, बॅटरीची मायनस बाजू सोडून, तपासणीच्या १६ पिनी सॉकेटमध्ये ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये, म्हणजे युनिटांना एकमेकांशी जोडणाऱ्या दोन तारांमध्ये, रोध मोजावा. मध्ये गेटवे (सॉकेट आणि त्या तारा यांच्यामधले वेगळे युनिट) नसलेल्या गाडीत तो ६० ओहमच्या जवळ असतो, कारण त्या तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. १२० आला तर एका टोकाशी संबंध तुटलेला आहे.

दुरुस्तीचे सामानही आधी जमवावे: त्याच जाडीची तार, दाबून बसवायचे जोड, आतून चिकट होणारी उष्णतेने आकसणारी नळी, कनेक्टर साफ करण्याचा स्प्रे आणि नव्या क्लिपा. तार सतत वाकते त्या जागी झाळलेला जोड टिकत नाही, कारण झाळ संपते तिथेच तार पुन्हा तुटते. एकमेकींत पिळलेल्या दोन तारा दुरुस्तीनंतर तशाच पिळून, मूळ मार्गाने व मूळ क्लिपांमध्ये बसवाव्यात.

शेवटच्या फेरीसाठीही वेळ राखून ठेवावा. कोड पुसून झाल्यावर गाडी हळू सुरू केली की बऱ्याच गाड्यांत पहिल्या काही मीटरमध्ये, साधारण ताशी १० ते २० किलोमीटरच्या वेगाला, पंपाची मोटर क्षणभर फिरून स्वतःची चाचणी घेते आणि त्याचा बारीक आवाज येतो. त्यानंतर दोन्ही बाजूंना पूर्ण वळणे, खडबडीत रस्ता आणि सावकाश थांबणे, असे सगळे करून चारही चाकांचे आलेख पुन्हा पाहावेत, कोड पुन्हा वाचावेत आणि त्या दिवशीची मोजमापे गाडीच्या नोंदीत तारखेसह लिहून ठेवावीत.